दंतसरलीकरण उपचार आणि हिरड्यांचे आरोग्य : स्थिर व काढत्या उपकरणांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
वेडेवाकडे दात सरळ करण्याचा उपचार साधारणतः दीड ते दोन वर्षे चालतो. तो घेणाऱ्यांमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतात. या उपचाराची उपकरणे दोन प्रकारची आहेत. दातांवर चिकटविलेले ब्रॅकेट व त्यांतून ओवलेली तार हे स्थिर उपकरण होय. तर प्लेट व पारदर्शक अलायनर ही रुग्णाला स्वतः काढता-घालता येतात. यांपैकी हिरड्यांच्या दृष्टीने कोणते उपकरण हितावह ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिरड्यांच्या दाहाचे कारण :
दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजेच प्लाक, हे या दाहाचे मूळ कारण होय. १९६५ मध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच तो ओसरला. म्हणजेच उपकरण स्वतः दाह निर्माण करीत नाही. ते प्लाकला आश्रय देते.

स्थिर उपकरणे :
ब्रॅकेट व हिरडी यांमधील अरुंद जागा, तारेखालील भाग आणि दाढांवरील पट्ट्यांच्या कडा येथे ब्रश सहज पोहोचत नाही. परिणामी हिरड्या लाल होतात, सुजतात व त्यांतून रक्त येते. रक्त दिसताच अनेक रुग्ण घासणेच टाळतात. त्यामुळे दाह अधिक वाढतो.

काढती उपकरणे :
अलायनर दिवसातून २० ते २२ तास वापरावे लागतात, मात्र जेवताना व दात घासताना ते काढता येतात. हा त्यांचा मोठा लाभ होय. तथापि चूळ न भरता ते पुन्हा बसविल्यास अन्नकण आत अडकतात व लाळेचा स्वाभाविक प्रवाह तेथे पोहोचत नाही. अस्वच्छ प्लेटमुळे टाळूलाही दाह होतो.

तौलनिक विचार :
अनेक अभ्यासांत अलायनर वापरणाऱ्यांच्या हिरड्या अधिक निरोगी आढळल्या आहेत. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत १८ महिन्यांनंतर अलायनर व ब्रॅकेट यांच्या गटांतील मौखिक स्वच्छतेत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून उपकरणाने मिळणारी सोय आणि रुग्णाची सवय या भिन्न बाबी आहेत, हे स्पष्ट होते. शिवाय दातांच्या काही गुंतागुंतीच्या हालचालींसाठी स्थिर उपकरणच अधिक उपयुक्त ठरते. केवळ स्वच्छतेच्या सोयीवरून निवड करता येत नाही.

हिरड्यांपुरता मर्यादित दाह बरा होऊ शकतो. मात्र तो दातांच्या आधाराच्या हाडापर्यंत पोहोचल्यास झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. अशा स्थितीत दातांवर ताण दिल्यास हानी वेगाने होते. म्हणून हिरड्यांचा विकार आधी आटोक्यात आणूनच दात सरकविणे सुरू करावे लागते.

निष्कर्ष :
काढती उपकरणे स्वच्छतेची संधी देतात, स्वच्छतेची हमी देत नाहीत. प्रत्येक जेवणानंतर दात घासणे, तारेखालून फिरणारा लहान ब्रश वापरणे व ठरावीक काळाने दंतवैद्याकडून दात साफ करून घेणे, ही पथ्ये पाळल्यास स्थिर उपकरणांतही हिरड्या निरोगी राहू शकतात.