डिस्नेलँडचा एक दिवस : आखणी कशी करावी?

गेल्या जानेवारीत माझे मामा-मामी पंधरा दिवसांसाठी जपानला जाऊन आले. माझा मामेभाऊ आय.टी.आय. करून तिकडे गेला आणि तीन वर्षांपासून टोकियोत नोकरीला आहे. त्याला मधल्या आठवड्यात एकच दिवस रजा मिळणार होती. त्या एका दिवसात आईवडिलांना टोकियो डिस्नेलँड दाखवायचे, असे त्याच्या मनात होते. त्याने मला फोन केला : "तू कॉलेजात आहेस, वाचतेस. तो दिवस कसा घालवायचा ते तूच आखून दे." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुस्तकी विद्येचा घरच्या कुणाला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी वहीपेन्सिल घेऊन बसले.

मी स्वतः जपान पाहिलेला नाही, हे आधीच सांगते. पण आखणी करताना जे शिकले ते इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

प्रथम त्या स्थळाची ओळख करून घेऊ. वॉल्ट डिस्ने यांनी पहिले डिस्नेलँड अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली उघडले. अमेरिकेबाहेरचे पहिले डिस्नेलँड म्हणजे टोकियोचे. ते १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झाले. नाव टोकियोचे असले तरी ते आहे शेजारच्या चिबा प्रांतातील उरायासू शहरात, समुद्र बुजवून तयार केलेल्या जमिनीवर. टोकियो स्टेशनावरून केइयो मार्गाच्या आगगाडीने पाऊण-एक तास नव्हे, जेमतेम पाव तासात माइहामा स्टेशन येते. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ५१ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वाशे एकर. शेजारीच २००१ साली उघडलेले 'डिस्नेसी' नावाचे दुसरे उद्यान आहे. एका दिवसात दोन्ही पाहू नयेत. ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने पहिल्याच पायरीला एकाचा मोह सोडावा.

दुसरी पायरी दिवस निवडण्याची. तिकीट अमुक एका तारखेचेच असते आणि ते आधी काढून ठेवावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटाचा दर ७,९०० ते १०,९०० येन असा ठरवला गेला; गर्दीच्या दिवशी जास्त, एरवी कमी. म्हणजे तिकिटाचा दर हाच गर्दीचा अंदाज! शनिवार-रविवार, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील 'गोल्डन वीक', ऑगस्टमधला 'ओबोन' हा पितरांचा सण आणि शाळांच्या सुट्या टाळाव्यात. जानेवारीचा दुसरा सोमवारही तिथे सुटीचा असतो. म्हणून आम्ही त्यानंतरचा बुधवार धरला. मात्र थंडीच्या दिवसांत काही खेळ दुरुस्तीसाठी बंद असतात, त्यांची यादी आधीच जाहीर होते; ती पाहून घ्यावी. 'स्पेस माउंटन' हा प्रसिद्ध खेळ तर नव्याने बांधण्यासाठी जुलै २०२४ अखेर बंद झाला.

आता खरे गणित. त्या दिवशी उद्यान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडे होते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटे. दोन वेळच्या खाण्याला ९० मिनिटे, दोन मिरवणुकांना ९०, चालणे व इतर गरजांना ९० वजा केली की उरतात ४५०. समजा, एका खेळाला रांगेसकट ४५ मिनिटे लागली, तर दिवसात दहाच खेळ होतात. प्रत्यक्ष खेळ पाचदहा मिनिटांचा. बाकी वेळ रांगेचा. तेव्हा डिस्नेलँडच्या दिवसाची आखणी म्हणजे रांगांची आखणी होय.

रांग का लांबते? खेळ लोकप्रिय असतो म्हणून, हे अर्धेच उत्तर झाले. तासाभरात किती माणसे बसून उतरतात, यावरही रांग अवलंबून असते. आपल्याकडे यात्रेत मोठ्या पाळण्यापुढे गर्दी साचते, कारण पाळणा थांबवून माणसे उतरवावी लागतात. तेथे 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या खेळात नावा एकामागोमाग येतच राहतात. 'मार्क ट्वेन' या मोठ्या बोटीत एका वेळी शेकडो माणसे मावतात. अशा ठिकाणी रांग मोठी दिसली तरी भराभर सरकते. उलट, २०२० साली सुरू झालेल्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'सारख्या नव्या खेळापुढे दिवसभर झुंबड असते. यावरून नियम निघतो : ज्याची रांग हमखास लांबणार, तो खेळ फाटक उघडताच करावा; ज्याची रांग सरकती, तो भर दुपारी. मिरवणूक चालू असते तेव्हाही बरीच माणसे रस्त्याकडेला बसलेली असतात, त्यामुळे रांगा थोड्या ओसरतात. रांगेत किती मिनिटे लागतील ते मोबाईलवर दिसते. शिवाय २०२२ पासून काही खेळांची वेळ जादा पैसे भरून राखून ठेवता येते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा वेळ वाचतो, हे तिथेही आहेच!

नकाशाही समजून घ्यावा. आत शिरताच 'वर्ल्ड बझार' ही दुकानांची पेठ लागते. पावसामुळे तिच्यावर काचेचे छत घातले आहे. पेठ संपली की मोकळा चौक, समोर सिंड्रेलाचा किल्ला, आणि बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चौकातून निरनिराळ्या विभागांकडे वाटा फुटतात. एका विभागातले सर्व उरकून मगच दुसऱ्यात जावे. या टोकाहून त्या टोकाला धावण्यात पाय दुखतात आणि वेळही जातो.

हे सारे ध्यानात घेऊन मी चौदा खेळांचे वेळापत्रक केले. शेवटच्या मिनिटापर्यंत सगळे बसवले होते. मोठ्या अभिमानाने ते फोनवरून मामीला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सगळं छान आहे बाई, पण ह्यात बसायचं कधी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होते, मामी बाहेरचे सहसा खात नाही हेही ठाऊक होते. पण वेळापत्रकात ती दोघे कुठेच नव्हती. होते ते फक्त डिस्नेलँड. मी पान फाडले.

दुसऱ्या आखणीत सातच खेळ ठेवले. 'बिग थंडर माउंटन'सारख्या गचके देणाऱ्या गाड्या वगळल्या; पाठीच्या वा हृदयाच्या दुखण्याच्या माणसांनी त्यांत बसू नये, अशी सूचना असतेच. चाकाची खुर्ची भाड्याने मिळते, ती कुठे ते लिहून ठेवले. बाहेरचे जेवण आत नेऊ देत नाहीत. पण फाटकाबाहेर डबा खाण्याची जागा आहे. तेव्हा दुपारी बाहेर येऊन दशम्या खायच्या आणि परत आत जायचे, असे ठरवले. दर दोन खेळांमध्ये अर्धा तास नुसते बसण्यासाठी लिहिला.

तो दिवस कसा गेला? सातपैकी पाचच खेळ झाले. पाच वाजायच्या सुमारास सूर्य मावळला आणि थंडी अंगात शिरू लागली. मी मिनिटांचा हिशोब केला होता, पण रात्रीच्या थंडीचा केला नव्हता. दिव्यांची मिरवणूक पाहून ती तिघे लवकरच घरी परतली. मला वाटले, माझी आखणी फसली. पण परत आल्यावर मामी सांगत होती ती त्या स्मॉल वर्ल्डच्या नावेविषयी. जगभरच्या मुलांच्या बाहुल्या तिथे गाणे म्हणतात, त्यांत भारतातल्याही आहेत. "रांग थोडीच होती, म्हणून आम्ही पुन्हा बसलो," ती म्हणाली. "दादा पहिल्यांदा रजेच्या दिवशी घड्याळाकडे न बघता आमच्याजवळ बसला होता."

एका दिवसात सर्व पाहणे कुणालाच शक्य नाही. आखणी करायची ती काय काय पाहावे यासाठी नव्हे, तर काय सोडावे हे आधीच ठरवण्यासाठी. आणि ते ठरवताना नकाशाआधी, आपण कुणाला घेऊन चाललो आहोत ते पाहावे. एवढे जमले की रांगांचे गणित सोपे होते.