चूक कोणाची?

मुलांनो, तुम्ही घरी ज्याला हवाई जहाज म्हणता, त्याला मराठीत विमान म्हणतात. (मराठीतले जहाज मात्र समुद्रावरच चालते!) विमान चालवणारा तो वैमानिक. विमान कोसळल्याची बातमी आली, की काही दिवसांनी वर्तमानपत्रात 'वैमानिकाची चूक' हे शब्द हमखास दिसतात. ते वाचून आपण वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. पण चूक झाली हे कळणे वेगळे आणि ती का झाली हे कळणे वेगळे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक विमान मुंबईहून बंगळूरला निघाले. ते एअरबस ए-३२० जातीचे, अगदी नवे कोरे विमान होते. त्यातील पुष्कळ कामे संगणक करीत असे. दुपारची वेळ होती, आकाश स्वच्छ होते. तरीही विमान धावपट्टीपर्यंत पोचलेच नाही. ते अलीकडच्या गोल्फच्या मैदानावर आपटले. विमानात १४६ माणसे होती. त्यांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले.

हे झाले कसे? या विमानात वैमानिकासमोर दोन बटणे जवळजवळ असतात. ती फिरवून संगणकाला हुकूम द्यायचा असतो. किती उंचीवर जायचे, हे एका बटणाने सांगतात. दर मिनिटाला किती फूट खाली यायचे, हे दुसऱ्याने. त्या दिवशी मिनिटाला ७०० फूट असा हुकूम द्यायचा होता. चौकशी अहवाल सांगतो, की बहुधा भलतेच बटण फिरवले गेले आणि संगणकाला '७०० फूट उंचीवर जा' असा हुकूम मिळाला. बंगळूर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच आहे! पण संगणकाला त्याचे काय? त्याने इंजिने मंद ठेवली. विमान खाली येत राहिले आणि त्याचा वेगही घटत गेला. जमीन किती जवळ आली ते सांगणारा यांत्रिक आवाज चारशे, तीनशे, दोनशे असे आकडे उच्चारत होता. वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढवला, पण फार उशिरा. मंद झालेल्या इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद आता उरले नव्हते.

अहवालाने दोष वैमानिकांना दिला. तो खोटा नाही. घटणारा वेग त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होता. पण ती दोन बटणे इतकी जवळ कोणी बसवली, हेही विचारायला नको का?

२० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग शहराजवळ त्याच जातीचे विमान अंधारात डोंगरावर आदळले. ८७ जण दगावले. त्या विमानात एकाच छोट्या चौकटीत कधी उतरण्याचा कोन दिसे, तर कधी उतरण्याचा वेग. '३.३' म्हणजे कोन, आणि '३३' म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट! यातच गफलत झाली असावी, असे तपास करणाऱ्यांना वाटले. पुढे कंपनीने वेगाचा आकडा पूर्ण, म्हणजे चार अंकी दिसेल अशी सोय केली. केवळ दोन शून्ये वाढली.

मग संगणक काढूनच टाकावेत का? तसे कोणी म्हणत नाही. दिल्लीच्या दाट धुक्यात विमान उतरवायला हेच यंत्र मदत करते. यंत्रांमुळे विमानप्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला आहे. काही जण तर म्हणतात, की यंत्रालाच अधिक अधिकार द्या, कारण ते थकत नाही. इतरांचे म्हणणे असे, की सगळे यंत्रच करू लागले तर माणसाच्या हाताची सवय मोडते.

१ जून २००९ च्या रात्री अटलांटिक महासागरावर हेच दिसले. एअर फ्रान्सचे विमान रिओहून पॅरिसला चालले होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला. वेगाचे आकडे चुकू लागले, तेव्हा संगणकाने विमान चालवणे सोडून दिले. अचानक सारे माणसाच्या हाती आले. वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलले आणि उचलूनच धरले. नाक फार वर गेले, की पंखांना हवेचा आधार मिळत नाही. अशा वेळी नाक खाली करायचे असते. धोक्याचा इशारा पुन्हा पुन्हा वाजत होता. साडेचार मिनिटांत विमान समुद्रात पडले. २२८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचे शिक्षण त्या वैमानिकांना मिळालेलेच नव्हते.

कधी याच्या उलटही घडते. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली. मिळून ३४६ माणसे गेली. येथे वैमानिक नाक वर करू पाहत होते, आणि एकाच मापकाच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून यंत्र ते पुन्हा पुन्हा खाली ढकलत होते. पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांना मिळणाऱ्या माहितीपुस्तकात या यंत्रणेचा उलगडा केलेला नव्हता. जगभर ही विमाने जमिनीवर उतरवून ठेवावी लागली. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, ती काही अटींवर. त्यांपैकी दोन अशा : यंत्राने दोन्ही मापकांचे आकडे ताडून पाहावेत, आणि वैमानिकांनी जमिनीवरच्या नकली विमानात त्याचा सराव करावा.