बिग बँगवाले फादर

‘तू फिजिक्सवाली ना? मग रविवारी चर्चला कशी काय जातेस?’ वसईच्या माझ्या मैत्रिणीला हा प्रश्न फर्स्ट इयरपासून विचारला जातोय. आता ती एमएस्सी करतेय, तरी प्रश्न तोच. घरी तिची मावशी नेमकी उलट्या बाजूने पिडते, ‘एवढं शिकून देवावरचा विश्वास उडाला नाही ना गं?’ दोन्हीकडचं म्हणणं एकच, काय ते एक निवड.

परवा लोकलमध्ये यावरच बोलत होतो, तेव्हा तिने मला विचारलं, ‘बिग बँग कोणी मांडला, माहितीय?’ मी बिनधास्त सांगितलं, हबल. ती हसली. ‘नाही गं, एका फादरने.’

तुमच्याही मनात हबलच आला असेल, तर लाजू नका. मीही घरी येऊन शोधलं, तेव्हा जॉर्ज लमेत्र हे नाव नीट कळलं.

लमेत्र बेल्जियमचे, जन्म १८९४चा. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. १९२३मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढे लूव्हाँ विद्यापीठात प्राध्यापक. १९२७मध्ये त्यांनी आईनस्टाईनच्याच समीकरणांवरून दाखवलं की, विश्व स्थिर नाही, ते प्रसरण पावतंय. खुद्द आईनस्टाईनना ते पटलं नाही. गणित बरोबर, पण त्यातलं भौतिकशास्त्र काही झेपत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. दोन वर्षांनी हबलची निरीक्षणं आली, आणि काही काळाने आईनस्टाईननी स्थिर विश्वाची कल्पना सोडून दिली. १९३१मध्ये लमेत्र आणखी मागे गेले. सगळं पसरत चाललंय, तर कधीतरी ते एकत्र असणार. त्याला त्यांनी ‘आदिअणू’ म्हटलं. आजच्या बिग बँगचं मूळ इथे आहे.

इथवर वाचून मला वाटलं, चला, चर्चला एक हिरो मिळाला. खरी गोष्ट पुढेच आहे.

नोव्हेंबर १९५१मध्ये पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. आधुनिक विज्ञान आता विश्वाच्या निर्मितीची साक्ष देतंय, असा त्याचा सूर होता. तुम्ही लमेत्रच्या जागी असतात तर? तुमच्या संशोधनाला साक्षात पोप देवाच्या बाजूचा पुरावा मानतायत! आपण तर स्टेटस ठेवलं असतं.

लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरचा आहे, नास्तिक माणसालाही तो मान्य करता येईल, ही त्यांची भूमिका होती. व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांमार्फत त्यांनी आपलं म्हणणं वरपर्यंत पोहोचवलं. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, पोप पुन्हा बोलले. या वेळी तो दावा भाषणात नव्हता.

हे मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘बरोबरच आहे ना. उद्या सिद्धान्त चुकला तर देव पण चुकला म्हणायचं का?’

यावर तुम्ही गॅलिलिओची आठवण काढाल, आणि ती काढायलाच हवी. १६३३मध्ये चर्चने त्याला दोषी ठरवलं आणि त्या खटल्यात आपल्या धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मान्य केलं ते १९९२मध्ये. उत्क्रांती नाकारणारे ख्रिस्ती गट आजही आहेत. तेव्हा सगळं गोडगोड आहे, असं मुळीच नाही.

पण पूर्वग्रह एकाच बाजूला असतात असंही नाही. ‘बिग बँग’ हे नाव दिलं ते त्याच्या कट्टर विरोधकाने, फ्रेड हॉयलनी, १९४९मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना. हॉयल नास्तिक. विश्वाला सुरुवात होती, या कल्पनेत त्यांना धर्माचा वास यायचा. त्यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी म्हणजे आपले जयंत नारळीकर! पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक. तेही बिग बँगबद्दल अखेरपर्यंत साशंक राहिले. पण त्यांनी वाद घातला तो समीकरणं आणि निरीक्षणं पुढे ठेवून. हा सिद्धान्त एका फादरने मांडलाय म्हणून नव्हे.

मला वाटतं, लमेत्र आणि नारळीकर एकमेकांच्या विरोधी बाजूंना असूनही इथे एकाच बाकावर बसतात. सिद्धान्त कोणाच्या सोयीचा आहे, हे दोघांच्याही लेखी महत्त्वाचं नव्हतं.

१९६६मध्ये लमेत्र रुग्णालयात असताना त्यांना कळलं की, आकाशातून सगळीकडून येणारं एक मंद प्रारण सापडलंय, म्हणजे त्या आरंभाचा मागे उरलेला पुरावा. थोड्याच दिवसांत, जूनमध्ये, ते गेले. २०१८मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने मतदान घेऊन ‘हबलचा नियम’ या नावाऐवजी ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणण्याची शिफारस केली.

आता तुमचा फॅमिली ग्रुप उघडा. ‘हे तर आपल्या ग्रंथात आधीच होतं’ छापाचा एखादा फॉरवर्ड सापडेलच. धर्म कुठलाही असो, साचा एकच. तो पुढे ढकलण्याआधी लमेत्रना आठवा. ज्या धर्मावर त्यांनी आयुष्य वाहिलं, त्याच्या बाजूने झुकणारा दावासुद्धा त्यांनी नको म्हटला. तोही थेट पोपचा. आपल्याला निदान काकांना नको म्हणता येईल?

मैत्रीण पुढच्या रविवारीही चर्चला जाणार आहे आणि सोमवारी लॅबला. कॉलेजात कोणी विचारलं, तर ती आता लमेत्रचं नाव सांगते. मावशीला काय सांगायचं, ते मात्र अजून ठरत नाहीये.