खासगी वाट आणि तिची जकात

बँका, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या यांचे दफ्तर आता कपाटांतून निघून ‘क्लाउड’ नावाच्या भाड्याच्या संगणकांत जाऊन बसले आहे. या स्थलांतराचे कौतुक पुष्कळ झाले. त्या दफ्तराकडे जाणारी वाट कोणती आणि तिचे दाम कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र अभियंत्यांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. वास्तविक तो अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

एखाद्या विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. निकाल तयार करणारी यंत्रणा क्लाउड कंपनीने आखून दिलेल्या ‘आभासी जाळ्यात’ चालते. हे जाळे म्हणजे कुंपण घातलेले आवारच. आतल्या यंत्रांचे पत्ते खासगी असतात. १९९६ साली अशा कामासाठी मुक्रर केलेले हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. परंतु गुणांच्या नोंदी ज्या साठवण-सेवेत असतात, ती कंपनीने सर्व गिऱ्हाइकांसाठी मिळून चालविलेली असते. तिचा दरवाजा सार्वजनिक रस्त्यावर उघडतो. कुलूप भक्कम असेलही, पण जगातील कोणालाही येऊन कडी वाजवून पाहता येते.

खासगी जोडणी हा त्यावरचा उपाय होय. त्या सेवेला आवारातलाच एक पत्ता दिला जातो. यंत्रणा सेवेला पूर्वीच्याच नावाने हाक मारते. नामसूची मात्र तिला बाहेरच्या पत्त्याऐवजी आतला पत्ता सांगते. मात्र एवढ्याने रस्त्यावरचा जुना दरवाजा आपोआप बंद होतोच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये तो पुष्कळ सेवांच्या बाबतीत निराळा बंद करावा लागतो. मागचे दार बसवून पुढचे सताड उघडे ठेवणाऱ्या गृहस्थाला आपण काय म्हणू?

आता दामाकडे वळू. अॅमेझॉनची ‘प्रायव्हेटलिंक’ ही खासगी वाट नोव्हेंबर २०१७ मध्ये आली. मुंबईची जकात त्याच वर्षी १ जुलैला उठली होती, हा निव्वळ योगायोग. त्या कंपनीच्या व्हर्जिनियातील केंद्राच्या दरपत्रकात अशा एका दाराला ताशी १ सेंट पडतो; आतून जाणाऱ्या मालाचे गिगाबाइटमागे पैसे वेगळे. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एका दाराचे सुमारे ८८ डॉलर झाले. मोठ्या बँकेला हे चणेफुटाणे. पण दार सामान्यतः एकेका सेवेपुरते असते आणि केंद्राच्या प्रत्येक विभागात वेगळे बसवावे लागते. दहा सेवा आणि तीन विभाग धरले, तर तीस दारांचे वर्षाचे भाडे अडीच हजार डॉलरांच्या वर जाते.

गंमत अशी की, त्याच कंपनीच्या एस-थ्री या साठवण-सेवेकडे जाणारे निराळ्या प्रकारचे एक दार २०१५ पासून फुकट मिळते. ते बसवायचे राहिले, की तोच माल पुष्कळदा बाहेर जाण्याच्या सामायिक नाक्यावरून जातो आणि तेथे गिगाबाइटमागे साडेचार सेंट मोजावे लागतात. विक्रेत्याला सारे ठाऊक आणि गिऱ्हाइकाला थोडे, अशा बाजाराचे वर्णन आम्ही वर्गात नेहमी करतो. त्याचा इतका स्वच्छ नमुना विरळा.

याहून गंभीर बाब अशी की, दाराचे भाडे विद्यापीठ भरते, पण नोंदी फुटल्या तर नुकसान सोसावे लागते विद्यार्थ्याला. तो या सौद्यात कोठेच नसतो. अशा वेळी खर्चाला कात्री प्रथम कोठे लागेल, हे अंदाजपत्रकाच्या सभेत बसलेल्या कोणत्याही लिपिकाला विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाच्या भीतीने मोठा सावकार सावध होतो. छोटी संस्था नशिबावर हवाला ठेवते.

शिवाय ही वाट रस्त्यावरच्या लोकांपासून लपविते, घरमालकापासून नव्हे. वाटही त्याची, नाकाही त्याचा. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने क्लाउड सोडून दुसरीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडून स्थलांतराचे शुल्क घेण्यास १२ जानेवारी २०२७ पासून मनाई केली आहे. राहणाऱ्याच्या रोजच्या जकातीला मात्र तो कायदा हात लावीत नाही. आपल्याकडे सार्वजनिक संस्थांनी निदान निविदेतच अट घालावी: नागरिकांच्या नोंदींकडे जाणारी खासगी वाट मूळ भाड्यात धरलेली असावी, आणि रस्त्यावरचा दरवाजा पहिल्या दिवसापासून बंद असावा.