हातोड्याची छाप आणि बॉनचा दाखला

वनप्रमाणनावर एक लेख लिहावा, अशी संपादकांची सूचना आली तेव्हा ग्रंथालयाऐवजी मी बल्लारपूरचे लाकूड आगार गाठले. कारण दाखला कागदाचा असला, तरी तो ज्या लाकडाच्या नावे निघावयाचा ते एकदा डोळ्यांखालून घालावे, असे मनात होते. चांद्याच्या सागवानाची कीर्ती जुनीच. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी येथून सागवान रवाना झाल्यावर ती देशभर गाजली एवढेच. मला मात्र तेथे खिळवून ठेवले ते एका लोखंडी हातोड्याने.

या हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरे कोरलेली असतात. तोडावयाच्या झाडाची साल छातीच्या उंचीवर आणि बुडाशी तासून दोन्ही ठिकाणी छाप मारतात; झाड पडले की वरची छाप लाकडाबरोबर जाते आणि खालची थुटावर राहते, म्हणजे पुढे कोणी तपासनीस आला तरी कायदेशीर तोड कोणती आणि चोरटी कोणती, हे त्याला जमिनीवरच वाचता यावे. पुढे प्रत्येक नगावर झाडाचा आणि तुकड्याचा क्रमांक, मग मोजमाप यादी, मग वाहतूक परवाना. आगारातील एक वृद्ध मजूर नगाचे तोंड हाताने पुसून कक्ष, झाड, तुकडा असा त्याचा सारा वंशवृक्ष सांगत होता, आणि तो ऐकताना मला त्या अनाम कारकुनी प्रतिभेविषयी खरोखर आदर वाटला.

आता दाखल्याकडे वळू. 1992 च्या रिओ परिषदेत राष्ट्रांना जंगलांविषयी बंधनकारक करार साधला नाही, म्हणून पुढच्याच वर्षी वनप्रमाणनासाठी फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही बिनसरकारी संस्था निघाली. तिचे मुख्य दप्तर आज जर्मनीत बॉन येथे आहे. तत्त्वे दहा, दाखल्याची मुदत पाच वर्षे, तपासणी दरसाल. मोठी त्रुटी तीन महिन्यांत आणि किरकोळ त्रुटी वर्षात दूर करावयाची. आपल्याकडील सरकारी वनविभागांपैकी हा दाखला प्रथम मिळविणाऱ्यांत गडचिरोलीच्या भामरागडची गणना होते.

त्या मुलखात नोकरी केलेले एक निवृत्त वनाधिकारी म्हणाले, की लाकडाचा माग दाखविणे त्यांना जड गेले नाही, कारण ते काम हातोडा पूर्वीपासूनच करीत होता. तपासनीस अडत तो माणसांपाशी. तोडणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे काय, रोपवाटिकेतील बायांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते काय, आणि तोडीसाठी कूप उघडण्यापूर्वी गावाला विचारले असल्यास तसे लिहिलेले कोठे आहे? त्यांच्या सांगण्याप्रमाणे माडिया गावात संमती बैठकीत बोलून, उठून, पुन्हा बसून ठरते आणि तिचे इतिवृत्त लिहिण्याची गरज कोणालाच वाटत नाही. त्यातच 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाचे स्थान पालटले: धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक हक्क मिळविला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवानापुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. जेथे मालकच बदलला तेथे संमती कोणी कोणाकडून घ्यावयाची, हा प्रश्न तपासनिसाच्या छापील प्रश्नावलीत सहजी मावणारा नव्हे.

जुने हिशेबही आडवे येतात. राज्याचे वनविकास महामंडळ 1974 साली स्थापन झाले तेच मिश्र जंगलाच्या जागी मौल्यवान सागवान उभे करण्याच्या हेतूने. आणि कौन्सिलचा नियम असा, की नोव्हेंबर 1994 नंतर नैसर्गिक जंगल मोडून केलेली लागवड सामान्यतः दाखल्यास अपात्र. ही अट अलीकडे भरपाईच्या शर्तीवर सैल झाली असली, तरी कोणता कक्ष कोणत्या वर्षी लागला याची जुनी दप्तरे धुंडाळणे चुकत नाही. दाखला पाच वर्षांचा. राज्याच्या बदली कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. त्रुटी ज्याच्या कारकिर्दीत निघते, ती दुरुस्त करण्याचे उत्तरदायित्व बहुधा दुसऱ्याच्या कपाळी येते, आणि हा दुसरा आपल्या पूर्वाधिकाऱ्याच्या उत्साहाकडे काय नजरेने पाहत असेल, हे सांगावयास नको.

आणि हा सारा खर्च भरून निघावा कोठून? लिलावाला आलेला व्यापारी गोलाई पाहतो, सरळपणा पाहतो, पोकळ आहे की काय म्हणून नग ठोकून बघतो. दाखल्यासाठी तो बोली वाढवीत असल्याचे त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या पाहण्यात आले नाही. दाखल्याची निकड खरी आहे ती सहारनपूर-जोधपूरच्या निर्यातदारांना, कारण त्यांची परदेशी गिऱ्हाइके तो मागतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलेल्या स्वदेशी प्रमाणन योजनेत जंगलाबाहेरील झाडांचाही समावेश आहे तो उगाच नव्हे: या निर्यातदारांना लागते ते मुख्यतः आंब्याचे आणि शिसवीचे लाकूड, आणि आंबा तर शेतकऱ्याच्या बांधावरचा, ज्यावर वनखात्याचा हातोडा कधी पडलेलाच नसतो.