टाकाऊ भाजीपाल्यापासून जळाऊ वायु

भाजीपाला व फळें पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर बाराही महिने कांहीं ना कांहीं कुजत पडलेलें असतें. किडके टोमॅटो, फुटलेली कोबी, डागी केळीं व पपया, बाजारांतून परत आलेला माल, हा सर्व ऐवज उकिरड्यावर जातो. तेथें माशा बसतात, दुर्गंधि सुटते, आणि कुजतांना निघणारा जळाऊ वायु हवेंत विरून जातो. हा वायु शेगडीकडे वळवितां येतो, हें वाचकांस ऐकून माहीत असेलच. परंतु भाजीपाल्याची टाकी शेणाच्या टाकीसारखी चालत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते, आणि त्यामुळें केलेला खर्च वायां जातो. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

ह्या विद्येशीं आपल्या भागाचा संबंध जुना आहे. मुंबईस माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत इ. स. १८९७ मध्येंच मैल्यापासून वायु काढण्यांत आला होता. पुढें जशभाई पटेल ह्यांनीं तरंगत्या झांकणाची शेणवायूची टाकी बनविली, व खादी ग्रामोद्योग आयोगानें ती खेडोपाडीं पोंचविली. भाभा अणुसंशोधन केंद्रानें ओल्या कचऱ्यासाठीं ‘निसर्गऋण’ ही पद्धति काढली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेस स्वयंपाकघरांतील खरकट्यावर चालणाऱ्या लहान टाकीबद्दल २००६ सालीं ब्रिटनमधील ॲशडेन पारितोषिक मिळालें.

टाकींत मुख्यत्वें दोन प्रकारचे जंतु काम करतात. पहिले कचरा कुजवून त्याचीं आम्लें करतात. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन हा जळाऊ वायु तयार करतात. पहिले चपळ, दुसरे मंद. शेण हें जनावरानें एकदां पचविलेलें असल्यामुळें सावकाश कुजतें व दोघांचा मेळ राहतो. फळांत साखर असते. ती पहिले जंतु झपाट्यानें फस्त करतात, आम्ल सांचतें, आणि त्या आंबटपणानें दुसरे जंतु मरगळतात. मग टाकींतून वायु येतो, पण पेटत नाहीं. कारण त्यांत बहुतांश कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, असतो.

आमच्या तालुक्यांतील एका बागाईतदारानें टोमॅटोचा भाव पडला त्या हंगामांत एकाच दिवशीं गाडीभर टोमॅटो टाकींत लोटले. आठवड्याचे आंत टाकी आंबली, शेगडी विझली, आणि घरच्या मंडळींस पुन्हां सरपणाच्या धुरांत बसावें लागलें. आम्हीं ती टाकी पाहिली तेव्हां तिच्या झांकणास गंज चढला होता. टाकी उत्तम बांधलेली होती. तिला खाऊं घालण्याचें माप चुकलें.

सबब आरंभ शेणानेंच करावा. शेण व पाणी समभाग कालवून टाकी भरावी व तीन-चार आठवडे थांबावें. पहिल्या वायूंत हवा मिसळलेली असते व तो पेटविल्यास स्फोटाचें भय असतें. म्हणून तो विस्तवापासून दूर, मोकळ्या जागीं सोडून द्यावा. पुढें ज्योत निळी जळूं लागली म्हणजे रोजच्या शेणाच्या दहा भागांपैकीं एक भाग कमी करून तेवढा भाजीपाला बारीक चिरून, ठेचून, पाण्यांत कालवून घालावा. दर आठवड्यास एकेक भाग वाढवावा, व निम्म्यावर थांबावें. संत्रीं, मोसंबीं, लिंबें ह्यांच्या सालींतील तेल वायु करणाऱ्या जंतूंस मारक आहे. त्या घालूं नयेत. लांकडी दांडेही पचत नाहींत.

ज्योत मंदावली, मळीस आंबट वास आला, किंवा निळा लिटमस कागद मळींत बुडवितांच तांबडा झाला, कीं त्याच दिवशीं भाजीपाला बंद करावा. टाकी पूर्ववत् होईपर्यंत केवळ थोडा शेणकाला द्यावा. जंतूंस सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. म्हणून थंडींत रतीब कमी ठेवावा.

आतां लाभाचा हिशेब पाहूं. ताज्या भाजीपाल्यांत शेंकडा नव्वदांच्या आसपास पाणीच असतें. तेव्हां अवास्तव आशा धरूं नये. १ किलो ताज्या शेणापासून सुमारें ४० लिटर वायु मिळतो, आणि भाजीपाल्याचा उतारा वजनास वजन साधारण तितकाच धरावा. पांच माणसांच्या कुटुंबास पुरणाऱ्या २ घनमीटरच्या टाकीस रोज ५० किलो शेण लागतें, म्हणजे दावणीस चार-पांच जनावरें हवींत. तीं आज किती घरीं उरलीं आहेत? पण त्यांतील २५ किलो भाजीपाला असेल, तर दोन-तीन जनावरांवरही टाकी चालते. शिवाय बाहेर पडणाऱ्या मळींत नत्र कायम राहतें, व ती शेतास खत म्हणून उपयोगी पडते.

भाव पडून माल अंगावर आला, तर तो गुरांस बेतानें घालावा, राहिलेला खताच्या खड्ड्यांत टाकावा; टाकीचें माप मात्र मोडूं नये. महसुली दप्तरांत उभा जन्म गेल्यामुळें आमचा जमाखर्चावर भरंवसा आहे. टाकीजवळ एक तराजू व एक वही ठेवावी. आज किती शेण, किती भाजी, शेगडी किती वेळ जळली, हें रोज लिहावें. टाकी आंबण्याच्या आधीं ती वही इशारा देते.