१७६ किलो हायड्रोजन

अमोनियाच्या कारखान्यात अमोनिया होण्याची प्रत्यक्ष क्रिया एकाच पात्रात घडते. जाड भिंतींचे, उभे, पोलादी पात्र. कारखान्याच्या भाषेत कन्व्हर्टर. त्याच्या पोटात लोखंडी उत्प्रेरकाचे थर असतात, त्यांवरून नायट्रोजन आणि हायड्रोजन तापलेल्या अवस्थेत, मोठ्या दाबाखाली जातात, आणि त्यांतल्या काही भागाचा अमोनिया होतो. बाकीचा सारा पसारा, म्हणजे भट्ट्या, मनोरे, कॉम्प्रेसर आणि नळांचे जाळे, या पात्राच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यासारखा वायूवर चालणारा कोणताही कारखाना डोळ्यांपुढे आणला, तरी प्रमाण साधारण हेच दिसेल. पाठ्यपुस्तके मात्र गोष्ट सांगतात ती कन्व्हर्टरची: हवेतला नायट्रोजन किती हट्टी, त्याचा तिहेरी बंध किती बळकट, आणि तो तोडून माणसाने हवेतून भाकरी कशी काढली. ही गोष्ट खोटी नाही, पण तिच्यामुळे खर्चाचा हिशोब चुकीच्या खात्यात लिहिला जातो. एक टन अमोनियात सुमारे ८२४ किलो नायट्रोजन असतो आणि १७६ किलो हायड्रोजन. पहिला हवेतून जवळजवळ फुकट मिळतो. कारखान्याची जागा, भांडवल, वायू आणि मनस्ताप जातो तो मुख्यतः दुसऱ्यापायी. अमोनियाचा कारखाना हा मुळात हायड्रोजनचा कारखाना आहे, शेवटी त्यात नायट्रोजन बांधला जातो, असे माझे म्हणणे आहे. आणि खताच्या अनुदानापासून हरित अमोनियापर्यंतचे बरेच वाद या नजरेने पाहिले की वेगळे दिसू लागतात.

वायूच्या मागोमाग चालत गेले तर हे उघड होते. थळला वायू आला तो मुंबई हायचा, उरणमार्गे. आता देशभरच्या खत कारखान्यांप्रमाणे आयात केलेल्या द्रवरूप वायूवरही भिस्त आहे. आत शिरताच प्रथम त्यातले गंधक झिंक ऑक्साइडच्या थरात काढून घेतात, कारण पुढच्या निकेल उत्प्रेरकाला गंधकाचा अंशही विषासारखा बाधतो. मग येतो प्रायमरी रिफॉर्मर, सगळ्या कारखान्यातला सर्वांत पाहण्यासारखा भाग. एका प्रचंड भट्टीत मिश्रधातूच्या लांब नळ्या रांगांनी टांगलेल्या असतात. त्यांत निकेल भरलेले असते, आतून नैसर्गिक वायू आणि वाफ जाते, बाहेरून ज्वाला त्या नळ्यांना तापवत राहतात. आतला वायू सुमारे ८०० अंश सेल्सिअसला पोचतो. भट्टीच्या भिंतीतल्या छोट्या झडपा उघडून पाळीवरचे कर्मचारी नळ्यांचा रंग न्याहाळतात: सगळी नळी सारखी नारिंगी असली तर ठीक, मध्येच उजळ पट्टा दिसला तर तिथे उत्प्रेरक थकला आहे किंवा त्यावर काजळी बसली आहे. उपकरणे तापमान सांगतातच, तरी डोळ्यांनी रंग पारखण्याचे हे कौशल्य अजून टिकून आहे. या भट्टीत कार्बन आणि हायड्रोजनची ताटातूट होते. शिवाय वाफेतला हायड्रोजनही मोकळा होतो, इतका की अखेरच्या हायड्रोजनपैकी जवळपास निम्मा मिथेनमधून नव्हे, पाण्यातून आलेला असतो. या ताटातुटीसाठी लागणारी उष्णता मिळवायला आणखी वायू जाळावा लागतो, तो वेगळाच.

नायट्रोजन येतो यानंतरच्या सेकंडरी रिफॉर्मरमध्ये, आणि किती सहज येतो! तिथे हवा आत सोडतात. हवेतला ऑक्सिजन थोडा वायू जाळून तापमान १,००० अंशांजवळ नेतो आणि स्वतः संपतो. नायट्रोजन तसाच पुढे जातो. शेवटी तीन भाग हायड्रोजनला एक भाग नायट्रोजन पडेल एवढी हवा मोजून सोडायची, बस्स. त्यासाठी वेगळा मनोरा नाही, वेगळी शुद्धी नाही. पुढची सगळी रांग पुन्हा हायड्रोजनच्या सेवेत लागते. कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी गाठ घालून आणखी हायड्रोजन काढायचा, तोही दोन टप्प्यांत, आधी गरम आणि मग थंड. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उंच मनोऱ्यात द्रावणाने धुऊन काढायचा. तरीही मागे राहिलेल्या कार्बनच्या ऑक्साइडांना मिथेनमध्ये रूपांतरित करून निरुपद्रवी करायचे, कारण लोखंडी उत्प्रेरकाला ते सोसत नाहीत. थळला या हायड्रोजनची आणखी एक ओळख आहे. तिथला जड पाण्याचा प्रकल्प अमोनिया कारखान्याच्या वायूतून हायड्रोजनचा जड भाऊ, ड्युटेरियम, काढून घेतो आणि वायू परत देतो. हायड्रोजनचा एवढा अखंड ओघ दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी वाहत असतो.

यावर पहिला आक्षेप रसायनशास्त्राचाच येईल. नायट्रोजनचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. जर्मनीत फ्रिट्झ हाबरने २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत हे करून दाखवले आणि त्याला १९१८ चे नोबेल मिळाले. मग अडचण नायट्रोजनची नाही असे कसे म्हणता येईल? अडचण होती, पण ती वेगाची होती, ऊर्जेच्या खर्चाची नव्हे. नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आले की उष्णता बाहेर पडते, अमोनियाच्या मोलमागे सुमारे ४६ किलोज्यूल. म्हणजे क्रिया स्वतःच्या उताराने जाणारी आहे, वाटेत फक्त एक उंच घाट आहे. तो घाट लोखंडाचा पृष्ठभाग बुटका करतो: नायट्रोजनचा रेणू लोखंडावर टेकतो, तिथेच दुभंगतो आणि एकेक करून हायड्रोजन जोडून घेतो. ही पायरी-पायरीची वाट गेरहार्ड एर्टलने उलगडली, त्याला २००७ चे नोबेल मिळाले. लोखंडाला पुरेसा वेग येण्यासाठी ४०० ते ५०० अंश लागतात. पण त्या तापमानाला अमोनिया पुन्हा मोडण्याकडे झुकतो, म्हणून दाब १५० ते २५० वातावरणांपर्यंत न्यावा लागतो. तरी एका फेरीत वायूचा पाचवा हिस्साच जेमतेम बांधला जातो. मग तो अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. कॉम्प्रेसरचा हा खर्च खरा आहे, पण क्रियेतून निघणाऱ्या उष्णतेची वाफ करून कारखाना त्यातला काही परत मिळवतो.

हाबरची प्रयोगशाळेतली नळी मोठी करताना काय आडवे आले, तेही पाहण्यासारखे आहे. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत कार्ल बॉशने उभारलेली पहिली मोठी पात्रे थोड्याच दिवसांत फुटली. नायट्रोजनने त्यांना काही केले नव्हते. तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन ओढून घेत होता आणि धातू ठिसूळ होत होता. बॉशने आत मऊ, कार्बनविरहित लोखंडाचे अस्तर घातले आणि बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन साचून न राहता निघून जाईल. बीएएसएफचा ओप्पाऊचा कारखाना सप्टेंबर १९१३ मध्ये सुरू झाला, त्यामागे उत्प्रेरकाच्या हजारो चाचण्या होत्याच. पण कोळशाच्या कोकपासून हायड्रोजन करणे, तो धुणे, आणि त्याला कोंडून धरणे हे काम त्याहून थोडे नव्हते.

आता ऊर्जेचा ताळा. १७६ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे २१ गिगाज्यूल ऊर्जा असते. उत्तम आधुनिक कारखान्याला एक टन अमोनियामागे सुमारे २८ गिगाज्यूल लागतात. म्हणजे चारातले तीन भाग थेट हायड्रोजनच्या रूपात आणि उरलेल्यातलाही मोठा वाटा तो तयार करताना वाया गेलेल्या उष्णतेचा. कोळशावरच्या पहिल्या कारखान्यांना याच्या तिपटीहून अधिक ऊर्जा लागत असे. शतकभरात मोठी बचत झाली ती कोळशाऐवजी वायू घेतल्याने आणि रिफॉर्मरची उष्णता वाफेत धरून ठेवल्याने. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तर चांगल्या कारखान्यात एक टन युरियाला सुमारे ५.५ गिगाकॅलरी ऊर्जा जाते. या हिशोबाने ४५ किलोच्या एका गोणीत घरगुती गॅसच्या दीड सिलिंडरांइतकी ऊर्जा खर्ची पडलेली असते. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. उरलेले सरकार भरते.

दुसरा आक्षेप अधिक सुंदर आहे. तुरीच्या, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हेच काम मातीच्या तापमानाला, कसल्याही दाबाशिवाय करतात; मग ८०० अंशांची भट्टी ही माणसाची अडाणी वाट नव्हे काय? भट्टी टाळता येते हे जिवाणूंनी दाखवलेच आहे. पण खर्च त्यांनाही टळलेला नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे त्यांना आठ इलेक्ट्रॉन आणि किमान सोळा एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, मोजावे लागतात, आणि त्यांतले दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजन वायू होऊन निसटतात. हा पैसा रोप साखरेच्या रूपात पुरवते. नायट्रोजनला जोडायचा हायड्रोजन कुठून तरी आणावाच लागतो. जिवाणूंचा उन्हातून येतो, आपला समुद्रतळाच्या वायूतून. कडधान्यांचे फेरपालटातले स्थान याच कारणाने मोलाचे आहे. मात्र जगातल्या सुमारे निम्म्या माणसांचे अन्न आज कारखान्यातल्या अमोनियावर उभे आहे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि ती जागा उद्या गाठी घेतील असे म्हणणे भुकेल्यांच्या जिवावर बेतेल.

हरित अमोनियाचा आक्षेप सध्या सर्वांत जोरात आहे: सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडा, प्रश्न मिटला. हा मार्ग योग्य दिशेचा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याचा पुरावाही आहे, कारण त्यात बदलतो तो फक्त हायड्रोजनचा उगम. कन्व्हर्टर तोच राहतो. आपल्याकडे हे नवीनही नाही. पंजाबात नांगलच्या कारखान्यात १९६१ पासून भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून अमोनिया होत असे. पुढे त्या विजेला इतर मागण्या वाढल्या आणि कारखान्याचा विस्तार झाला तो इंधनतेलावर. आजही गणित तिथेच अडते: एक टन हरित अमोनियाला सुमारे १०,००० युनिट वीज लागते, त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी फोडण्यात. ती स्वस्त आणि अखंड मिळाली तरी आपल्या देशापुढे आणखी एक पेच उरतो, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. आपले मुख्य खत युरिया आहे, आणि एक टन युरियाला सुमारे ७३० किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. वायूच्या कारखान्यात तो धुऊन काढलेला हाताशीच असतो. पाण्यापासून हायड्रोजन केला तर कार्बन येणार कुठून? अमोनियम नायट्रेटकडे वळा म्हणावे, तर ते आपल्याकडे स्फोटकांच्या नियमांखाली येते. ओप्पाऊलाच २१ सप्टेंबर १९२१ रोजी अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा साठा फुटून पाचशेहून अधिक माणसे मेली होती. युरियाचा पेच सोडवल्याशिवाय हरित अमोनिया आपल्या शेतापर्यंत पोचणार नाही.

म्हणून तयार हायड्रोजनचे पुढे काय होते, हे पाहणे भाग आहे. युरिया बनतानाच अमोनियातला एक तृतीयांश हायड्रोजन पाणी होऊन जातो. जमिनीत युरियाचा पुन्हा अमोनिया होतो आणि कोरडवाहू रानात जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, म्हणजे उरलेला हायड्रोजन तेच जाळून टाकतात. ही निसर्गाची रीत आहे, तिच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते पिकाला न मिळणाऱ्या नत्राशी. भाताच्या खाचरात फोकलेल्या युरियातला निम्म्याहून अधिक नत्र सहसा पिकाच्या हाती लागत नाही. काही अमोनिया होऊन उडतो, काही पाण्याबरोबर वाहतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवा तापवतो. गोणीमागचे दीड सिलिंडर त्याच प्रमाणात उडालेले असतात.

कोकणात यावर उपाय शोधला गेला, तो फार दिवसांपूर्वी. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीची छोटी ब्रिकेट लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध चिखलात खोचतात. चिखलाच्या थरात प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथे अमोनिया धरून राहतो आणि मुळे तो तसाच घेतात. तरीही बहुतेक खाचरांत युरिया फोकलाच जातो. शेतकरी अडाणी म्हणून असे करतात, हे म्हणणे मला मान्य नाही. वाकून एकेक ब्रिकेट खोचायला माणसे लागतात, लावणीच्या दिवसांत ती मिळत नाहीत, आणि वाचलेल्या एका गोणीची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकीही होत नाही. शेतकऱ्याचा हिशोब त्याच्या वहीत अचूक आहे. वाचलेला वायू, वाचलेले परकीय चलन, वाचलेले अनुदान त्याच्या वहीत येतच नाही, ते सरकारच्या वहीत जमा होते. तेव्हा अनुदानाचा काही भाग गोणीवरून काढून ब्रिकेटवर आणि ती खोचण्याच्या मजुरीवर द्यावा, अशी माझी मागणी आहे. यात गैरव्यवहार होईल, अशी शंका काढली जाते. पण खताची विक्री आता ई-पॉस यंत्रावर नोंदली जातेच. ब्रिकेटची पिशवीही त्याच यंत्रावरून, युरियाहून कमी दराने विकता येईल. मजुरीची नोंद ठेवणे अवघड आहे हे खरे. तिची सुरुवात भाताच्या एखाद्या तालुक्यात एका पावसाळ्यापुरती करावी आणि त्या तालुक्यात युरियाच्या किती गोण्या कमी उठल्या, ते मोजावे.